गर्दीतून चालताना पांढरी काठी, कंप देणारे उपकरण आणि फोन: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

अडथळा ओळखून कंप देणारी काठी, मनगटावर बांधायचा सेन्सर किंवा समोरचे दृश्य बोलून सांगणारे अ‍ॅप हाती आले की बहुतेक जण ते थेट गर्दीत घेऊन जातात, कारण त्रास तिथेच होत असतो. गर्दीत उपकरण अखंड थरथरत राहते, फोन एकामागून एक वाक्ये बोलत सुटतो, काठी कोणाच्या तरी पायात अडकते, आणि थोड्याच दिवसांत ते उपकरण कपाटात जाऊन पडते. उपकरण निकामी आहे असा निष्कर्ष मग काढला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चूक क्रमाची असते: जे शेवटी करायचे ते आधी केले जाते आणि जे आधी करायचे ते राहूनच जाते.

हा लेख दृष्टिहीन वाचकांसाठी आहे, तसाच त्यांच्या घरच्यांसाठी आणि सोबत चालणाऱ्यांसाठीही आहे. पुढचे सगळे टप्पे एका नियमावर उभे आहेत. गर्दीत काठी पहिली, कान दुसरे आणि उपकरण तिसरे. काठीला न लागणाऱ्या, कमरेच्या वरच्या वस्तूंची सूचना देणे आणि पुढच्या माणसाशी अंतर राखायला मदत करणे, एवढीच कामे गर्दीत उपकरणाकडून घ्यावीत. त्याहून जास्त मागितले की ते उपयोगी पडण्याऐवजी लक्ष विचलित करू लागते.

टप्पा १: उपकरणाला काय कळते आणि काय कळत नाही, हे घरीच तपासा

कंप देणारी बहुतेक उपकरणे माणसाला ऐकू न येणारा ध्वनी, साधारणपणे ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा, पुढे सोडतात आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, त्यामुळे २ मीटरवरच्या भिंतीवरून प्रतिध्वनी सुमारे १२ मिलिसेकंदांत परत येतो. म्हणजे सेन्सर मंद नसतो. वेळ जातो तो कंप ओळखण्यात, त्याचा अर्थ लावण्यात आणि पाय थांबवण्यात, आणि हा वेळ फक्त सरावानेच कमी होतो.

हा ध्वनी सरळ रेषेत जात नाही; पुढे जाता जाता तो पसरतो. समजा, पसरण्याचा एकूण कोन ३० अंश आहे. मग १ मीटरवर त्याची रुंदी सुमारे ५४ सेंटिमीटर होते, २ मीटरवर ती १०७ सेंटिमीटरपर्यंत जाते आणि ३ मीटरवर १६० सेंटिमीटर होते. गर्दीत तीन मीटरच्या आत दीड मीटर रुंदीचा पट्टा कधीच रिकामा नसतो. त्यामुळे लांबचा पल्ला लावून गर्दीत शिरलेल्या माणसाच्या हातातले उपकरण गप्प बसणे शक्यच नसते.

उपकरणाला न कळणाऱ्या गोष्टी याहून महत्त्वाच्या आहेत. वरच्या अडथळ्यांसाठी रोखलेल्या सेन्सरला खाली उतरणारी पायरी, उघडा खड्डा किंवा फलाटाची कड कळत नाही. जाड, मऊ कापड ध्वनी शोषून घेते, म्हणून जाड कोट घातलेला माणूस भिंतीपेक्षा उशिरा कळतो. गुळगुळीत पृष्ठभाग तिरका असेल तर ध्वनी भलतीकडे परावर्तित होतो आणि सेन्सरपर्यंत परतच येत नाही. बारीक खांब आणि ताणलेली साखळी कधी कळते, कधी कळत नाही.

कॅमेऱ्यावर किंवा प्रकाशकिरणांवर चालणाऱ्या साधनांच्या मर्यादा वेगळ्या असतात. लायडार, म्हणजे प्रकाशकिरण सोडून अंतर मोजणारा सेन्सर असलेल्या आयफोनमधील माणसे ओळखण्याची सोय सुमारे ५ मीटरपर्यंतचे अंतर सांगते, पण स्वच्छ काच प्रकाशाला आरपार जाऊ देते, म्हणून काचेचे बंद दार अशा साधनाला मोकळी वाट वाटू शकते. ध्वनीवर चालणाऱ्या सेन्सरला तीच काच, समोरून असेल तर, व्यवस्थित कळते. शिवाय गर्दीत कॅमेऱ्याच्या पुढ्यात बहुतेक वेळ कोणाची तरी पाठ असते, आणि त्या पाठीपलीकडचे काहीही त्याला दिसत नाही.

तपासणी: घरातल्या भिंतीसमोर उभे राहून हळूहळू मागे सरका आणि कंप कुठे बंद होतो ते पावलांत मोजा. त्यानंतर दोरीवर जाड चादर टाकून तेच करा. मग गुळगुळीत कपाटासमोर आधी सरळ आणि नंतर तिरके उभे राहून पाहा. कपाटाचे दार अर्धे उघडे ठेवून त्याच्या कडेकडे सावकाश चालत जा: दाराची कड तुमच्याकडे असेल तर काठी खालून निसटून जाईल आणि उपकरणाला ती पातळ कड फार उशिरा कळेल किंवा कळणारच नाही. ही तपासणी केल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

इशारा: उपकरण शांत आहे याचा अर्थ वाट मोकळी आहे असा कधीही घेऊ नये. ते शांत असताना तुम्हाला फक्त एवढेच कळते की त्याला काही कळलेले नाही.

टप्पा २: काठीची पकड गर्दीसाठी बदला

मोकळ्या रस्त्यावरची पद्धत बहुतेकांना ठाऊक असते. काठीचे टोक खांद्यांच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना थोडेसे बाहेर जाईल एवढा कमानीसारखा फेर घ्यायचा, आणि डावा पाय पुढे जाताना टोक उजवीकडे, उजवा पाय पुढे जाताना टोक डावीकडे टेकवायचे, म्हणजे पुढचे पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासली जाते. काठीची लांबी छातीच्या मधल्या हाडापर्यंत असावी असा जुना दंडक आहे. भरभर चालणाऱ्यांना त्याहून लांब काठी सोयीची पडते.

गर्दीत हीच पद्धत जशीच्या तशी वापरणे ही पहिली मोठी चूक आहे. रुंद फेर घेतला की टोक दुसऱ्यांच्या घोट्यांवर आपटते, कोणी तरी अडखळते, काठी वाकते किंवा हातातून सुटते. म्हणून गर्दीच्या कडेला पोहोचताच पकड मुठीपासून थोडी खाली घ्यावी, काठी पेन धरल्यासारखी धरून शरीराजवळ जास्त उभी ठेवावी, फेर स्वतःच्या शरीराएवढाच ठेवावा आणि टोक जमिनीवरून न उचलता सरकवत न्यावे. टोक सतत जमिनीला लागलेले असेल तर पायरीची कड किंवा जमिनीचा पोत बदलल्याचे एक पाऊल आधी कळते. फिरते टोक असेल तर हे काम सोपे होते. बारीक टोक फटीत अडकते.

इथे एक बारकावा आहे, आणि शिकवणाऱ्यांच्या नजरेतूनही तो सुटतो. सेन्सर काठीच्या मुठीत बसवलेला असेल तर त्याचा रोख काठीच्या तिरकेपणावर अवलंबून असतो. काठी नेहमीसारखी तिरकी धरल्यावर तो पुढे आणि वर पाहतो. तीच काठी तुम्ही उभी केली की रोख खाली झुकतो आणि डोक्याच्या उंचीवरचे संरक्षण बरेचसे निघून जाते. म्हणजे गर्दीसाठी काठीची पकड बदलली की सेन्सर नेमका कुठे पाहतो ते पुन्हा तपासावे लागते. सेन्सर छातीवर अडकवलेला असेल तर हा प्रश्न येत नाही. मनगटावर असेल तर तो हात झुलवून चालत नाही. कोपर अंगाशी ठेवून मनगट पुढे रोखावे लागते.

तपासणी: गर्दीची पकड घेऊन भिंतीसमोर उभे राहा आणि सोबत्याला एक पुठ्ठा तुमच्या कपाळाच्या उंचीवर, हातभर अंतरावर धरायला सांगा. कंप येत नसेल तर काठी किती तिरकी केल्यावर येतो ते शोधा आणि तो कोन मनगटात पक्का बसवा.

उपकरणामुळे काठीचे वजन वाढते, हेही ध्यानात घ्यावे. मनगट थकले की फेर लहान आणि एका बाजूला झुकलेला होऊ लागतो, आणि हे स्वतःला कळत नाही. सोबत्याला मागून पाहून सांगायला सांगा.

टप्पा ३: पल्ला, कंप आणि सूचना यांची जुळवणी

बऱ्याच उपकरणांत दोन पल्ले असतात. काठीला बसवायच्या स्मार्टकेन या उपकरणात आखूड पल्ला १.८ मीटरचा आणि लांब पल्ला ३ मीटरचा आहे. अल्ट्राकेन या सेन्सर असलेल्या काठीत ते २ आणि ४ मीटर आहेत. गर्दीत कोणता लावायचा, यावर मतभेद होतात आणि दोन्ही बाजूंना आधार आहे, म्हणून हिशेब मांडून पाहू.

तुम्ही सेकंदाला १ मीटर वेगाने चालत आहात आणि समोरून येणारा माणूसही त्याच वेगाने येतो आहे. दोघांमधले अंतर सेकंदाला २ मीटरने कमी होते. १.८ मीटरचा पल्ला असेल तर पहिला कंप आणि धडक यांच्यामध्ये जेमतेम ०.९ सेकंद उरतो. ३ मीटरचा असेल तर दीड सेकंद. या हिशेबाने लांब पल्ला बरा वाटतो. परंतु टप्पा १ मध्ये पाहिल्याप्रमाणे लांब पल्ल्यात कंप कधी थांबतच नाही, आणि न थांबणाऱ्या कंपातून नवीन माणूस आला हे ओळखता येत नाही. मग तो दीड सेकंद असून नसल्यासारखा.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: गर्दीत आखूड पल्ला लावावा, आणि कमी पडणारा वेळ चालण्याचा वेग कमी करून भरून काढावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे लोक ज्या दिशेने जात आहेत त्याच दिशेने चालणे. पुढचा माणूस तुमच्याच दिशेने, जवळपास तुमच्याच वेगाने चालत असेल तर दोघांमधले अंतर फार हळू बदलते आणि आखूड पल्ला पुरेसा ठरतो. प्रवाहाच्या विरुद्ध जाण्याखेरीज इलाज नसेल तर भिंतीच्या कडेने, बरेच थांबत जावे.

कंपाच्या बाबतीत फार बारीक भेद शिकण्याच्या मागे लागू नये. अंतराप्रमाणे कंप चार-पाच पायऱ्यांत बदलत असला तरी गर्दीत दोनच अर्थ लावता येतात: "पुढे काही आहे" आणि "थांब". जवळच्यातला जवळचा कंप ओळखून पाऊल आपोआप थांबले पाहिजे. मधल्या पायऱ्या मोकळ्या जागेसाठी सोडून द्याव्यात. त्याच हाताच्या बाजूला खिशात फोन ठेवला असेल तर त्याचा कंप बंद करावा, कारण आलेला संदेश आणि आलेला माणूस यांत घोटाळा होतो.

फोनवरचे दृश्य सांगणारे अ‍ॅप गर्दीतून चालताना बंद ठेवावे. कडेला थांबून पाटी वाचायची असेल, दार कुठे आहे ते शोधायचे असेल तेव्हाच ते उघडावे. व्हिडिओवरून डोळस स्वयंसेवकाची मदत देणाऱ्या बी माय आईजसारख्या सेवेलाही हेच लागू आहे: थांबून विचारा, उत्तर घ्या, फोन ठेवा, मग चाला. फोन समोर धरून चालणाऱ्याचा एक हात काठीत आणि दुसरा फोनमध्ये अडकतो, आणि पडताना आधार घ्यायला हात उरत नाही.

टप्पा ४: दोन्ही कान मोकळे ठेवा

एका कानात इअरफोन घातला तर दुसरा कान मोकळा आहे, म्हणजे सुरक्षित आहे, असे बहुतेकांना वाटते आणि ते चुकीचे आहे. आवाज कोणत्या बाजूने आला हे आपल्याला दोन्ही कानांतल्या फरकावरून कळते: तो एका कानात किंचित आधी आणि किंचित मोठा पोहोचतो. एक कान बंद झाला की आवाज ऐकू येतो, पण त्याची दिशा हरवते. गर्दीत दिशाच तर हवी असते.

त्यामुळे कानाच्या छिद्रात न जाणारे, गालाच्या हाडातून कंप पोहोचवणारे हेडफोन वापरावेत किंवा फोन गळ्यात अडकवून त्याचा स्पीकर कॉलरपाशी ठेवावा. आवाज किती ठेवायचा याची कसोटी सोपी आहे: फोन बोलत असताना हातभर अंतरावरच्या माणसाचे साधे बोलणे समजले पाहिजे. गोंगाटात फोन ऐकू येईनासा झाला तर आवाज वाढवू नये. फोन गप्प करावा.

उपग्रहांवरून दिशा सांगणाऱ्या अ‍ॅपकडूनही मोजकीच अपेक्षा ठेवावी. उघड्या आकाशाखाली चांगल्या फोनची अचूकता सुमारे ५ मीटर असते. उंच इमारतींमध्ये संकेत भिंतींवर आपटून येतात आणि चूक वाढते, छताखाली तर त्यावर भिस्त ठेवताच येत नाही. पाच मीटरमध्ये दार आणि त्याशेजारचा जिना दोन्ही मावतात. प्रवेशद्वार जवळ आले एवढे अ‍ॅपकडून ऐकावे. दार काठीने शोधावे.

टप्पा ५: सरावाचा चढता क्रम

१. रिकामी मार्गिका. फक्त काठी आणि उपकरण. भिंत, दार, वळण यांचे कंप ओळखा.

२. त्याच मार्गिकेत एक माणूस स्थिर उभा. तो कुठे उभा आहे ते तुम्हाला माहीत नसावे.

३. तीन-चार माणसे स्थिर, आपापसांत बोलणारी. इथे पहिल्यांदा कान, काठी आणि कंप एकत्र वापरावे लागतात, म्हणून या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा.

४. तीच माणसे चालणारी, आधी तुम्ही जाता त्याच दिशेने आणि नंतर विरुद्ध दिशेने.

५. ज्या ठिकाणी खरोखर जायचे आहे ते ठिकाण, पण कमी गर्दीच्या वेळी.

६. तेच ठिकाण गर्दीच्या वेळी, सोबती दोन पावले मागे.

पुढच्या पायरीवर केव्हा जायचे? चालता चालता सोबत्याशी साध्या विषयावर बोलता येते आणि तरीही थांबण्याच्या कंपाला पाऊल आपोआप थांबते, तेव्हा. बोलणे थांबवल्याशिवाय कंप समजत नसेल तर मन अजून पूर्णपणे उपकरणात गुंतलेले आहे, आणि गर्दीत तेवढे मन उपकरणाला देता येत नाही.

इशारा: तिसरी पायरी गाळून पाचवीवर जाण्याचा मोह फार होतो, विशेषतः काठीचा वापर वर्षानुवर्षांचा असेल तेव्हा. काठी अंगवळणी असली तरी कंप नवा असतो. सवयीची काठीसुद्धा नव्या उपकरणासह सुरुवातीला बिघडते, कारण लक्ष मुठीकडे जाते आणि टोकाकडून येणारी माहिती वाचायची राहून जाते.

टप्पा ६: वाट मनात बसवा

घरून निघण्यापूर्वी वाटेवरच्या खुणा क्रमाने सांगता आल्या पाहिजेत. हलणाऱ्या वस्तू खुणा म्हणून धरू नयेत. जमिनीचा बदललेला पोत, उतार, छत संपताच बदलणारा आवाज, प्रवेशद्वारातून येणारा वारा, सरकत्या जिन्याची घरघर या खुणा टिकतात.

खुणांइतक्याच थांबण्याच्या जागा महत्त्वाच्या आहेत आणि त्या जवळजवळ कोणीच आखत नाही. वाटेत कुठे पाठ भिंतीला किंवा खांबाला लावून, कोणाच्याही पायात न येता उभे राहता येईल, हे आधी ठरलेले असावे. फोन पाहणे, श्वास घेणे, दिशा पुन्हा जुळवणे हे सगळे तिथेच करायचे असते.

जमिनीवरच्या मार्गदर्शक फरश्या असतील तर लांब पट्ट्या म्हणजे पुढे जाण्याची वाट आणि गोल उंचवटे म्हणजे थांबून लक्ष देण्याची जागा. गर्दीत या फरश्यांवर लोक उभे असतात, सामान ठेवलेले असते. त्या दिशा दाखवतात. वाट मोकळी असल्याची हमी देत नाहीत.

टप्पा ७: गर्दीत शिरणे

गर्दीच्या कडेला पूर्ण थांबा. पल्ला आखूड करा, फोन गप्प करा, पकड बदला, पिशवी पाठीवरून पुढे घ्या. हे सगळे उभ्यानेच करायचे असते. चालता चालता बटणे शोधण्यात नेमका पहिला अडथळा चुकतो.

आता ऐका. पावलांचा आणि बोलण्याचा आवाज कोणत्या दिशेने सरकतो आहे ते ठरेपर्यंत पाऊल उचलू नका. पाठ किंवा खांदा भिंतीला लावून अंग सरळ करा, म्हणजे सुरुवातीची दिशा अचूक मिळते. सुरुवातीचा थोडासा तिरकेपणा वीस पावलांनंतर मोठा होतो आणि गर्दीत तो दुरुस्त करायला भिंत सापडत नाही.

मग तुमच्याच दिशेने जाणाऱ्या कोणाच्या तरी मागे लागा. चपलांचा ठरावीक आवाज किंवा चाकांच्या बॅगेची घरघर असेल तर मागे राहणे सोपे जाते. कंपाचा "पुढे काही आहे" हा अर्थ इथे खऱ्या अर्थाने कामाला येतो: तो मधूनमधून येत राहिला तर अंतर ठीक आहे, अखंड झाला तर तुम्ही फार जवळ आहात, बंद झाला तर पुढचा माणूस वळला किंवा निघून गेला. बंद झाल्यावर वेग वाढवू नये. एक पाऊल थांबून काठीने जमीन पाहावी, कारण पुढचा माणूस पायरी उतरला असेल तरीही कंप असाच बंद होतो.

अगदी कडेने चालावे की मध्यातून, हा प्रश्न नेहमी येतो. अगदी कडेला उभे असलेले लोक, अर्धी उघडलेली दारे, बाहेर आलेले फलक असतात; मध्यात दोन्ही दिशांचे प्रवाह भिडतात. कडेपासून हातभर आत, प्रवाहाच्या दिशेने चालणे मला सर्वांत सुरक्षित वाटते. मोकळ्या हाताची कोपर वाकवून तो छातीसमोर, तळहात बाहेर ठेवून आडवा धरावा. उपकरणाला न कळलेली वस्तू हाताला लागणे चेहऱ्याला लागण्यापेक्षा बरे.

तोंडाने बोलायला संकोच करू नये. "जरा वाट द्या" हे मोठ्याने आणि शांतपणे म्हटले की समोरचा माणूस फोनमधून मान वर करतो; काठीचा स्पर्श झाल्यावर तो दचकून भलत्याच बाजूला सरकतो.

काठी कोणाच्या पायात अडकली तर ओढू नये. थांबावे, मूठ सैल करावी, काठी उभी करून अंगाशी घ्यावी आणि पुन्हा सुरुवात करावी.

टप्पा ८: चार कठीण जागा

रांग. पुढच्या माणसाशी अंतर राखायला उपकरण इथे सर्वांत उपयोगी पडते, आणि त्याला शिवायची किंवा विचारायची गरज पडत नाही. काठी उभी धरा, सेन्सर पुढच्याच्या पाठीकडे रोखा. कंप सौम्य झाला की एक पाऊल पुढे. मात्र काठी पूर्ण उभी केल्याने सेन्सर जमिनीकडे पाहत असेल तर हे जमणार नाही. टप्पा २ मधला कोन इथे लागतो.

जिना. उतरणारा जिना उपकरणाला कळत नाही, हे पुन्हा सांगतो, कारण जीव जातो तो इथेच. जिना जवळ असल्याची खात्री होताच कंपाकडे लक्ष देणे सोडावे, काठीचे टोक जमिनीला चिकटवून कड शोधावी, कठडा धरावा, मगच पहिले पाऊल टाकावे. सरकत्या जिन्यावर आधी हात कठड्यावर ठेवून तो आपल्याकडे येतो आहे की आपल्यापासून दूर जातो आहे ते पाहावे. आपल्याकडे येत असेल तर तो जिना आपल्यासाठी नाही.

फलाट. कडेला समांतर चालण्याची वेळच येऊ देऊ नये. गर्दीच्या वेळी फलाटाच्या लांबीने चालत जाण्यापेक्षा जिन्याजवळच थांबून समोर येईल तो डबा घेणे सुरक्षित असते, किंवा मदत मागणे. दार उघडल्याचा आवाज आल्यावरही काठीने डब्याची जमीन लागेपर्यंत पाऊल टाकू नये. दोन डब्यांमधली फट कानाला आणि सेन्सरला उघड्या दारासारखी भासू शकते. काठी खाली गेली, तर ते दार नाही.

काचेचे दार. कॅमेऱ्याने वाट मोकळी सांगितली तरी हात पुढे ठेवूनच जावे.

टप्पा ९: दिशा हरवली तर

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे चालत राहणे. दिशा हरवल्याचे कळते तेव्हा दोन-चार पावलेच चूक झालेली असते. पुढचे प्रत्येक पाऊल ती वाढवते. थांबा, काठी उभी करा, जवळची भिंत किंवा खांब शोधा, पाठ तिकडे लावा. शेवटची पक्की खूण कोणती होती आणि त्यानंतर कोणते वळण घेतले ते आठवा. मग फोन काढा. तरीही उलगडा होत नसेल तर कोणाला तरी विचारा, पण प्रश्न नेमका असू द्या: "जिना माझ्या डाव्या हाताला आहे की उजव्या?" केवळ "जिना कुठे आहे?" असे विचारल्यास उत्तर "तिकडे" असे येते.

टप्पा १०: डोळस सोबत्याने काय करावे

मागून ढकलू नये, काठी धरून ओढू नये, न विचारता हात धरू नये. मदत हवी असेल तर दृष्टिहीन व्यक्ती तुमच्या कोपराच्या वर धरते आणि अर्धे पाऊल मागे चालते. अरुंद जागेत तुमचा हात पाठीमागे घ्या, म्हणजे ती आपोआप तुमच्या मागे येते. पायरीपाशी थांबून "वर" किंवा "खाली" एवढेच सांगा. अशा वेळी उपकरण बंद ठेवायला सांगावे, कारण ते तुमच्याच पाठीवरून कंप देत राहते.

सरावात सोबत असाल तर धडक होण्याआधीच प्रत्येक वेळी ओरडून सावध करू नका. खांबाला हलकेच काठी लागणे हा शिकण्याचा भाग आहे. पायरी, वाहन आणि कड एवढ्यांसाठीच आवाज राखून ठेवा. आवाजालाही ठरलेला अर्थ असावा: "थांब" म्हणजे तत्काळ थांबणे, बाकी सगळे नंतर. नुसते "अगं, अगं" किंवा "अरे, सांभाळ" ऐकून कोणत्या दिशेने सांभाळायचे ते कळत नाही.

टप्पा ११: निघण्यापूर्वीची तपासणी

चार्ज पूर्ण आहे का, सेन्सरच्या जाळीवर धूळ किंवा पाण्याचा थेंब आहे का, कंप भिंतीसमोर नेहमीच्या अंतरावर येतो का, हे दारातच पाहावे. पावसात ध्वनीवरच्या सेन्सरवर कमी विसंबावे. पिशवीत घडीची साधी काठी नेहमी असावी. उपकरण बंद पडले तर अडचण होते, काठी मोडली तर प्रवास थांबतो. महिन्यातून एकदा उपकरण मुद्दाम बंद ठेवून, फक्त काठीने, ओळखीच्या गर्दीतून जावे. ते जमेनासे वाटू लागले तर काठीचा सराव मागे पडला आहे आणि टप्पा २ पुन्हा करायला हवा.

फोनमधले अ‍ॅप ज्या दिवशी गर्दीत जायचे त्याच दिवशी अद्ययावत करू नये. बटणांची जागा किंवा आवाज बदललेला असू शकतो. कोणत्याही एकाच अ‍ॅपवर सगळी वाट बांधू नये, हेही खरे. आजूबाजूच्या जागा आवाजाने दाखवणारे मायक्रोसॉफ्टचे साउंडस्केप हे अ‍ॅप अनेक जण रोज वापरत होते आणि २०२३ मध्ये त्याची सेवा बंद झाली. त्याचा मुक्त केलेला कोड घेऊन इतरांनी पुढे अ‍ॅप तयार केली, पण मधल्या काळात ज्यांच्या वाटेच्या खुणा फक्त त्या अ‍ॅपमध्ये नोंदलेल्या होत्या त्यांना त्या नव्याने गोळा कराव्या लागल्या. टप्पा ६ मधली खुणांची यादी म्हणूनच अ‍ॅपच्या बाहेर, साध्या मजकुरात किंवा ब्रेलमध्ये लिहून ठेवावी आणि वाट बदलली की त्याच दिवशी दुरुस्त करावी.